मानवी प्रिऑन रोगांचे प्रयोगशालीय निदान

मेंदूतील एका स्वाभाविक प्रथिनाची घडी बदलून ते विकृत रूपात साचत गेल्याने उद्‌भवणाऱ्या आणि सदैव प्राणघातक ठरणाऱ्या रोगांच्या गटास प्रिऑन रोग म्हणतात. मानवातील प्रिऑन रोगांत क्रॉइट्सफेल्ट–याकोप रोग (यापुढे रूढ आद्याक्षरांनुसार ‘सीजेडी’), न्यू गिनीतील कुरू, गेर्स्टमान–श्ट्रॉइस्लर–शाइंकर रोग व मारक आनुवंशिक निद्रानाश यांचा समावेश होतो. यांपैकी सीजेडी हा सर्वांत जास्त आढळणारा असला, तरी त्याचे प्रमाण वर्षाकाठी दर दहा लाख लोकांमागे एक ते दोन रुग्ण एवढेच आहे. सु. ८५ टक्के रुग्णांत रोगाचे कोणतेही बाह्य कारण सापडत नाही (स्वयंभू प्रकार). १० ते १५ टक्के रुग्णांत तो जीनमधील उत्परिवर्तनामुळे होतो आणि फारच थोड्यांत तो दूषित ऊतक, शस्त्रक्रियेची उपकरणे, संप्रेरक किंवा अन्न यांतून आलेला असतो. साठीच्या आसपासच्या व्यक्तीत स्मृती व विचारशक्ती झपाट्याने ढासळणे, चालताना तोल जाणे, स्नायूंना आकस्मिक झटके बसणे व अखेरीस निःशब्द निश्चलता अशी लक्षणे दिसतात. बहुतेक रुग्ण चार ते सहा महिन्यांत दगावतात.

या रोगावर आजवर कोणताही उपचार सिद्ध झालेला नाही. मग निदानाच्या अचूकतेला एवढे महत्त्व का, असा प्रश्न वाचकास पडणे साहजिक आहे. याचे उत्तर या रोगाशी साम्य असणाऱ्या इतर रोगांत आहे. स्वप्रतिरक्षाजन्य मस्तिष्कशोथ, क्षयजन्य मस्तिष्कावरणशोथ, ब जीवनसत्त्वांचा अभाव, मेंदूतील काही अर्बुदे व औषधांची विषबाधा यांतही बुद्धी झपाट्याने ढासळते. मात्र यांपैकी अनेक रोग बरे होऊ शकतात. सीजेडीचे चुकीचे निदान झाल्यास अशा रुग्णाचा उपचार थांबतो. उलट, खरा सीजेडी ओळखला गेला नाही, तर शस्त्रक्रियेची उपकरणे पुढील रुग्णांवर वापरली जातात आणि कुटुंबीय एका इस्पितळातून दुसऱ्या इस्पितळात हिंडत राहतात. त्यामुळे एखाद्या चाचणीचा निष्कर्ष कितपत विश्वासार्ह मानावा, हा या रोगाच्या इतिहासातील मध्यवर्ती प्रश्न ठरला आहे.

प्रारंभीचा काळ : जर्मन तंत्रिकावैज्ञानिक हान्स गेरहार्ट क्रॉइट्सफेल्ट (१८८५–१९६४) यांनी १९२० मध्ये एका तरुण स्त्रीच्या आजाराचे वर्णन केले, पुढच्याच वर्षी आल्फोन्स मारिया याकोप (१८८४–१९३१) यांनी काही रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली आणि १९२२ मध्ये व्हाल्टर श्पीलमायर यांनी या दोघांची नावे जोडून रोगास नाव दिले. मेंदूचे पातळ छेद रंजित करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे हीच त्या काळातील एकमेव ‘चाचणी’ होती आणि तीही मृत्यूनंतरच शक्य होती. या आरंभकथेत एक विसंगती आहे. जुने काचपट्ट सुमारे सहा दशकांनंतर पुन्हा तपासण्यात आले, तेव्हा याकोप यांच्या पाच मूळ रुग्णांपैकी केवळ दोघांच्या मेंदूत या रोगाचे आज मान्य असलेले बदल आढळले; क्रॉइट्सफेल्ट यांची रुग्ण तर आधुनिक निकषांत बसतच नाही. ज्या रुग्णावरून रोगास नाव मिळाले, तिलाच बहुधा तो रोग नव्हता. कोणत्याही चाचणीची अचूकता ठरविण्यासाठी जो प्रमाणभूत निकष लागतो, तो या रोगाच्या बाबतीत प्रारंभी किती अस्थिर होता, हे यावरून स्पष्ट होते.

तीस वर्षांहून अधिक काळ हे नाव मेंदूच्या अनेक अनिश्चित ऱ्हासविकारांना सैलपणे दिले जात होते. १९५४ मध्ये ब्रिटनमधील जोन्स व नेव्हिन यांनी मेंदूच्या करड्या द्रव्यातील स्पंजासारख्या सूक्ष्म पोकळ्यांकडे लक्ष वेधले आणि मेंदूच्या विद्युत् आलेखातील विशिष्ट बदलांचेही वर्णन केले. या बदलांमुळे रोग्याच्या हयातीत वापरता येईल अशी पहिली खूण मिळाली. विद्युत् मस्तिष्कालेखात साधारणपणे सेकंदास एक या गतीने टोकदार तरंगांचे आवर्ती समूह उमटतात. तथापि हे तरंग सर्व रुग्णांत व सर्व अवस्थांत दिसत नाहीत. पुढे जर्मनीत झालेल्या पद्धतशीर अभ्यासांत शवपरीक्षेने सिद्ध झालेल्या रुग्णांपैकी सु. दोन-तृतीयांश रुग्णांतच ते आढळले. शिवाय यकृतविकारामुळे येणारी बेशुद्धी, लिथियमची किंवा बिस्मथाची विषबाधा यांतही असेच तरंग दिसू शकतात.

भारतातील वैद्यांपुढे यात आणखी एक अडचण होती. गोवर होऊन गेल्यावर काही वर्षांनी मुलांत व तरुणांत उद्‌भवणारा अनुतीव्र दृढक सर्वमस्तिष्कशोथ आपल्याकडे मोठ्या प्रमाणावर आढळत असे आणि त्यातही आवर्ती तरंग असतात. या तरंगांत सामान्यतः चार ते दहा सेकंदांचे अंतर असते आणि मस्तिष्कमेरुद्रवात गोवराची प्रतिपिंडे मोठ्या प्रमाणात आढळतात. त्यामुळे अनुभवी तज्ञ दोहोंत गल्लत करीत नाही. परंतु ज्याच्या हाती केवळ आलेखाचा लेखी अहवाल आहे, त्याची गल्लत होऊ शकते.

प्राण्यांत संक्रामण करून निदान : डॅनियल कार्लटन गायडुसेक (१९२३–२००८) व व्हिन्सेंट झिगास यांनी १९५७ मध्ये न्यू गिनीतील फोरे जमातीत आढळणाऱ्या कुरू रोगाचे वर्णन केले. १९५९ मध्ये इगोर क्लाट्झो यांनी कुरू व सीजेडी यांतील मेंदूच्या बदलांचे साम्य दाखविले आणि त्याच वर्षी पशुवैद्य विल्यम हॅडलो यांनी मेंढ्यांच्या स्क्रेपी रोगाशी कुरूची तुलना करून प्राण्यांत संक्रामण करून पाहावे, असे सुचविले. त्यानुसार गायडुसेक, गिब्ज व आल्पर्स यांनी १९६६ मध्ये चिंपँझीत कुरूचे संक्रामण होत असल्याचे जाहीर केले. १९६८ मध्ये सीजेडीच्या रुग्णाच्या मेंदूतील ऊतक टोचलेल्या चिंपँझीस सु. तेरा महिन्यांनी तसाच रोग झाला. या कार्याबद्दल गायडुसेक यांना १९७६ च्या वैद्यकाच्या नोबेल पारितोषिकाचे अर्धे मानकरी करण्यात आले.

संक्रामण हा तत्त्वतः सर्वांत खात्रीचा पुरावा. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत तीस वर्षांत जमविलेल्या ३०० सिद्ध रुग्णांच्या अनुभवाचा आढावा १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार स्वयंभू सीजेडीच्या सु. ९० टक्के रुग्णांतून रोग प्राण्यांत गेला. निदानाच्या दृष्टीने मात्र ही पद्धत निरुपयोगी होती. रुग्ण पाच महिन्यांत दगावतो आणि उत्तर वर्षा-दोन वर्षांनी मिळते. दहापैकी एका सिद्ध रुग्णात संक्रामण होत नाही, हेही ध्यानात घ्यावयास हवे. सर्वोच्च मानलेल्या कसोटीलाही दहा टक्के उणीव होती.

फॉर्माल्डिहाइड व ऊतकाची हाताळणी : येथे एका रसायनाचा उल्लेख आवश्यक आहे. रायगड (१९८१ पर्यंत कुलाबा) जिल्ह्याच्या खालापूर तालुक्यात पाताळगंगेच्या काठी वसलेल्या रसायनी या औद्योगिक वसाहतीचे नावच रसायनांवरून पडले आहे. १९६० मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्स या सरकारी कंपनीच्या तेथील कारखान्यात नायट्रोबेंझीन व ॲनिलीन यांबरोबर फॉर्माल्डिहाइडचेही उत्पादन होत असे. केंद्र शासनाच्या २०१७ मधील निर्णयानुसार, अग्निबाणांसाठी लागणाऱ्या एका रसायनाचा विभाग वगळता, हा कारखाना बंद करण्यात आला. फॉर्माल्डिहाइडाचा पाण्यातील विद्राव म्हणजे फॉर्मॅलीन हा विकृतिवैज्ञानिकाच्या मेजावरील नित्याचा पदार्थ. त्यात ऊतक टिकते आणि त्यातील जंतू व व्हायरस मरतात, यावर सर्वांचा विश्वास होता.

प्रिऑनांच्या बाबतीत हा विश्वास खोटा ठरला. १९३५ मध्ये स्कॉटलंडमध्ये मेंढ्यांच्या ‘लूपिंग-इल’ रोगावरील लस मेंढ्यांच्या मेंदूपासून तयार करून फॉर्मॅलीनने निष्क्रिय करण्यात आली होती. तिच्या एका घाण्यातील सु. १८,००० मात्रा दिल्यावर दोन वर्षांनी त्या कळपांत स्क्रेपी पसरला. माणसाच्या बाबतीत १९७७ मध्ये झुरिचहून आलेले वृत्त अधिक गंभीर होते. सीजेडीच्या रुग्णाच्या मेंदूत घातलेले चांदीचे विद्युत् अग्र अल्कोहॉल व फॉर्माल्डिहाइडाच्या वाफेने निर्जंतुक करून पुढे दोन तरुण अपस्मारी रुग्णांत वापरले गेले आणि दोघांनाही तो रोग झाला. हे अग्र पुढे एका चिंपँझीच्या मेंदूत बसविले असता त्यालाही रोग झाला. अर्थात निदानासाठी केलेल्या तपासणीतूनच रोग पसरला होता. फॉर्मॅलिनात ठेवलेले ऊतक प्रयोगशाळेतील कर्मचाऱ्यांस सुरक्षित व्हावे म्हणून ते तासभर तीव्र फॉर्मिक अम्लात ठेवावे, ही रीत १९९० मध्ये ब्राउन, वुल्फ व गायडुसेक यांनी दाखवून दिली. या प्रक्रियेनंतरही सूक्ष्मदर्शकाने पाहण्याजोगी ऊतकाची रचना टिकते. ज्या शवपरीक्षेवर उर्वरित सर्व चाचण्यांची अचूकता तोलली जाते, ती सुरक्षितपणे करता येऊ लागली, यात या साध्या अम्लाचा वाटा मोठा आहे.

प्रिऑन प्रथिनाचा शोध : स्क्रेपीचा कारक जंबुपार किरणांना विलक्षण दाद देत नाही, असे टिक्वा आल्पर यांनी १९६० नंतरच्या दशकात दाखविले होते. न्यूक्लिइक अम्ल असलेला कोणताही व्हायरस असा टिकाव धरू शकला नसता. १९८२ मध्ये स्टॅन्ली प्रुसिनर यांनी हा कारक प्रथिनमय असल्याचे प्रतिपादन करून ‘प्रिऑन’ ही संज्ञा रूढ केली; त्यांना १९९७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. १९८५ मध्ये या प्रथिनाचे जीन ओळखले गेले; ते मानवाच्या २० व्या गुणसूत्रावर असते. यातून निदानाचे दोन नवे मार्ग खुले झाले. पहिला जीन तपासण्याचा. १९८९ पासून आनुवंशिक प्रकारांस कारण असलेली उत्परिवर्तने सापडत गेली. लिबियातून आलेल्या ज्यू कुटुंबांत या रोगाचे प्रमाण फार जास्त का, याचेही उत्तर अशाच एका उत्परिवर्तनात मिळाले. जीनची चाचणी जवळजवळ अचूक असते. परंतु ती केवळ आनुवंशिक रुग्णांनाच लागू पडते. शिवाय तिचे उत्तर रुग्णापुरते न राहता त्याच्या भावंडांना व मुलांनाही लागू होते. म्हणून ती करण्यापूर्वी कुटुंबीयांशी सविस्तर बोलणे आवश्यक ठरते.

दुसरा मार्ग ऊतकातील विकृत प्रथिन शोधण्याचा होता. प्रोटिनेज–के या एंझाइमाने निरोगी प्रथिनाचे पूर्ण विघटन होते, तर विकृत प्रथिनाचा गाभा शिल्लक राहतो आणि प्रतिपिंडाच्या साहाय्याने तो दाखविता येतो. विवादास्पद स्पंजी बदलांपेक्षा ही खूण अधिक ठोस असल्याने शवपरीक्षेच्या निदानाचा पाया भक्कम झाला. मात्र ती हयातीत वापरावयाची, तर मेंदूचा तुकडा काढावा लागे. ज्या भागात रोग नाही तेथील तुकडा आला, तर उत्तर चुकीचे येई आणि वापरलेल्या उपकरणांचा प्रश्न उरेच.

मस्तिष्कमेरुद्रवाची परीक्षा : पाठीच्या कण्यातून सुईने काढता येणारा मस्तिष्कमेरुद्रव हे या शोधातील पुढील क्षेत्र. १९८६ मध्ये हॅरिंग्टन, मेरिल, ॲशर व गायडुसेक यांना द्विमितीय विद्युत् संचारणाने सीजेडीच्या रुग्णांच्या द्रवात दोन विशिष्ट प्रथिने दिसली. त्यांना १३० व १३१ असे क्रमांक देण्यात आले. ही प्रथिने म्हणजे काय, हे कळण्यास दहा वर्षे लागली. १९९६ मध्ये ती ‘१४–३–३’ या प्रथिनकुलातील असल्याचे आढळले. या विचित्र नावाचा रोगाशी संबंध नाही. १९६७ मध्ये मूर व पेरेझ यांनी गायीच्या मेंदूतील प्रथिने वेगळी केली, तेव्हा विलगीकरणातील अंश व जेलवरील स्थान यांच्या क्रमांकांवरून ते पडले. हे प्रथिन मेंदूच्या कोशिकांत विपुल असते आणि कोशिका वेगाने मरू लागल्या, की ते द्रवात उतरते. १९९६ च्या मूळ निबंधात या चाचणीची संवेदनशीलता ९६ टक्के व विशिष्टता ९९ टक्के दिली होती. १९९८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या निदान-निकषांत तिला स्थान मिळाले.

या दोन संज्ञांचा अर्थ येथे सांगणे योग्य होईल. रोग असलेल्यांपैकी जितक्या टक्के व्यक्तींत चाचणी होकारार्थी येते, ती तिची संवेदनशीलता. रोग नसलेल्यांपैकी जितक्या टक्के व्यक्तींत ती नकारार्थी येते, ती तिची विशिष्टता. अमेरिकन जीवसांख्यिक जेकब येरुशाल्मी यांनी १९४७ मध्ये छातीच्या क्ष-किरण चित्रांच्या वाचनाची तुलना करताना या संज्ञा वैद्यकात रूढ केल्या. रसायनीसारख्या ठिकाणच्या कारखान्यातील रसायनतज्ञ ॲनिलीनची शुद्धता तपासतो, तेव्हा त्याच्याजवळ शुद्धता ज्ञात असलेला नमुना असतो आणि नव्या पद्धतीची त्रुटी तो एका दुपारीत मोजू शकतो. वैद्याजवळ असा नमुना नसतो. रुग्णास खरोखर रोग होता की नाही, हे शवपरीक्षेनेच कळते. ती सर्वांची होत नाही. बहुधा ज्यांच्याविषयी आधीच दाट संशय असतो, त्यांचीच ती होते. चाचणीचे मूल्यमापन अशा निवडक रुग्णांवर आधारले, तर आकडे वास्तवापेक्षा अधिक चांगले दिसतात.

१४–३–३ च्या बाबतीत नेमके हेच घडले. चाचणी सर्वत्र वापरली जाऊ लागली, तसे मूळ आकडे ढासळू लागले. मेंदूतील ताजा रक्तस्राव वा रक्तपुरवठ्याचा अडथळा, नागीण-व्हायरसाचा मस्तिष्कशोथ, मेंदूतील अर्बुदे, दीर्घ अपस्मारी झटके यांतही कोशिका वेगाने मरतात. साहजिकच चाचणी होकारार्थी येते. अर्थात ती प्रिऑनाची चाचणी नव्हतीच, तर मेंदूच्या वेगवान नाशाची होती. २००३ मध्ये अमेरिकेतील एका गटाने आपल्या ३२ रुग्णांत तिची संवेदनशीलता केवळ ५३ टक्के भरल्याचे दाखविले. २०१२ मध्ये अमेरिकन तंत्रिकावैद्यक अकादमीने उपलब्ध अभ्यासांचा एकत्रित आढावा घेऊन ९२ टक्के संवेदनशीलता व ८० टक्के विशिष्टता असे मध्यम मत दिले. त्याच वर्षी अमेरिकेच्या राष्ट्रीय सर्वेक्षण केंद्राने शवपरीक्षा झालेल्या रुग्णांवरून काढलेली विशिष्टता सु. ४० टक्केच होती. एकाच चाचणीचे ९९, ८० व ४० हे तीन आकडे परस्परांस खोडून काढीत नाहीत. ‘रोग नसलेले’ म्हणून तुलनेस घेतलेले लोक तिन्ही ठिकाणी वेगळे होते. पहिल्या अभ्यासात ते इतर मंदगती बुद्धिभ्रंशाचे रुग्ण वगैरे होते. शेवटच्यात सीजेडीशी इतके साम्य असलेले की, त्यांच्या वैद्यांना तोच संशय आला होता. ज्याच्यापासून रोग वेगळा ओळखावयाचा आहे, त्याच गटात चाचणी पारखली पाहिजे, हा या प्रकरणाचा धडा, प्रस्तुत लेखकाच्या मते, या सर्व इतिहासातील सर्वांत मोलाचा आहे.

चाचणीच्या तंत्रातही दोष होता. प्रतिपिंडाने उमटणारी पट्टी ठळक की पुसट, हे परीक्षक डोळ्यांनी ठरवीत असे; पुसट पट्टीस कोणी होकार मानी, कोणी ‘अनिश्चित’ म्हणून सोडून देई. याला पर्याय म्हणून टाऊ या प्रथिनाची राशी मोजण्याची पद्धत आली. दर मिलिलिटरमध्ये सु. १,३०० पिकोग्रॅमपेक्षा जास्त टाऊ आढळल्यास सीजेडीचा संशय बळावतो, असे जर्मन अभ्यासकांनी सुचविले. आकडा मिळाल्याने वाचनातील मतभेद कमी झाले. पण सीमारेषा खाली आणली, तर खोटे होकार वाढतात आणि वर नेली, तर खरे रुग्ण सुटतात, ही अडचण कायम राहिली. याच सुमारास चुंबकीय अनुस्पंदन प्रतिमादर्शनाच्या विसरण-प्रतिमांत मेंदूच्या बाह्यकात व तळातील गुच्छिकांत उजळ पट्टे दिसतात, असे लक्षात आले. ही प्रयोगशालीय चाचणी नसली, तरी ९० टक्क्यांहून अधिक संवेदनशीलतेमुळे तिने द्रवातील या अप्रत्यक्ष खुणांना बरेच मागे सारले आणि २००९ च्या यूरोपीय निकषांत तिचा अंतर्भाव झाला.

गुणन-चाचणी : विकृत प्रथिन निरोगी प्रथिनास आपल्यासारखे वळण देते, हा रोगाचा मूळ गुणधर्मच चाचणी म्हणून वापरण्याची कल्पना क्लॉडिओ सोटो व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये प्रत्यक्षात आणली. जपानमधील अताराशी व इतरांनी २०११ मध्ये तिला सोपे रूप दिले. ते ‘आरटी–क्विक’ या संक्षिप्त नावाने ओळखले जाते. जंतूंकरवी तयार केलेले शुद्ध प्रिऑन प्रथिन लहान खळग्यांत घेऊन त्यात रुग्णाच्या मस्तिष्कमेरुद्रवाचे काही थेंब घालतात आणि ती थाळी आळीपाळीने हलवीत व स्थिर ठेवतात. द्रवात विकृत प्रथिनाचे सूक्ष्म बीज असेल, तर शुद्ध प्रथिनाचे तंतू बनू लागतात आणि मिश्रणात घातलेले थायोफ्लाविन–टी हे रंजक चमकू लागते. ही चमक यंत्र नोंदविते. एका नमुन्याचे अनेक खळगे एकाच वेळी ठेवतात आणि एकट्या खळग्यात चमक आली, तर तिला होकार मानीत नाहीत. दुधात विरजण लागते की नाही ते पाहण्यासारखी ही रीत आहे. फरक इतकाच की, येथे विरजणाचा अंश अत्यल्प असतो.

पहिल्या अभ्यासात संवेदनशीलता ८० टक्क्यांहून अधिक व विशिष्टता १०० टक्के भरली. २०१२ मध्ये एडिंबरो येथील सर्वेक्षण केंद्राने ती अनुक्रमे ८९ व ९९ टक्के असल्याचे नोंदविले. १४–३–३ चे आकडे स्वतंत्र पडताळणीत ढासळले होते. येथे ते टिकून राहिले, ही बाब विशेष लक्षणीय होय. २०१५ मध्ये प्रथिनाचा आखूड तुकडा व अधिक तापमान (सु. ५५° से.) वापरून पूर्वी तीन-चार दिवस घेणारी चाचणी काही तासांत आटोपू लागली आणि संवेदनशीलताही सु. ९६ टक्क्यांपर्यंत गेली. नाकाच्या वरच्या भागातील गंध-त्वचेवर कुंचला फिरवून घेतलेल्या नमुन्यावर २०१४ मध्ये ३१ पैकी ३० रुग्णांत होकार मिळाला व रोग नसलेल्या ४३ पैकी एकातही मिळाला नाही.

शेवटच्या आकड्यावरून विशिष्टता ‘१०० टक्के’ आहे असे सर्रास लिहिले जाते. ते सावधपणे वाचावयास हवे. सांख्यिकीतील एका साध्या नियमानुसार, ‘क्ष’ इतक्या व्यक्तींत एकही चूक झाली नाही, तर चुकीचे खरे प्रमाण तीन भागिले ‘क्ष’ इतके असू शकते. ४३ व्यक्तींसाठी ते सु. ७ टक्के येते. म्हणजे खरी विशिष्टता ९३ टक्केही असू शकेल. पुढे अमेरिकेत हजारो नमुन्यांची तपासणी झाल्यावर ती ९८ ते ९९ टक्क्यांच्या आसपास स्थिरावली. या चाचणीच्या मर्यादाही आहेत. द्रवात सुईच्या जखमेतून रक्त मिसळले, तर रक्तातील घटक विक्रिया रोखतात आणि खोटा नकार येतो. मारक निद्रानाश, गेर्स्टमान रोग व सीजेडीचे काही विरळ उपप्रकार यांत तिची संवेदनशीलता बरीच कमी आहे. गोमांसाशी निगडित असलेला नवा प्रकार १९९६ मध्ये ब्रिटनमध्ये उघडकीस आला; त्यातही मस्तिष्कमेरुद्रवावरील ही चाचणी फारशी उपयोगी पडत नाही. तेथे गलवातामाच्या (टॉन्सिलच्या) ऊतकातील प्रथिन पाहणे अधिक उपयुक्त ठरले.

भारतीय परिस्थिती : भारतात मेंदूच्या विकृतिविज्ञानाची परंपरा मोजक्याच केंद्रांत रुजली. मुंबईत दराब दस्तूर यांनी जे. जे. रुग्णालयातील विभाग नावारूपास आणला. बंगलोरच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य व तंत्रिकाविज्ञान संस्थेत सीजेडीच्या रुग्णांची नोंद ठेवली जाऊ लागली आणि पी. सतीशचंद्र व एस. के. शंकर यांनी १९७१ ते १९९० या काळातील भारतीय रुग्णांचा आढावा १९९१ मध्ये प्रसिद्ध केला. नोंदलेली संख्या देशाच्या लोकसंख्येच्या मानाने अपेक्षित असलेल्या संख्येच्या कितीतरी खाली होती. हा रोग येथे खरोखर विरळ आहे, असा अर्थ यावरून काढणे घाईचे होईल. आपल्याकडे शवपरीक्षेस कुटुंबीय सहसा संमती देत नाहीत, संसर्गाच्या भयाने अनेक संस्थाही ती टाळतात आणि वृद्धाची बुद्धी ढासळली, तर ते वयोमान म्हणून सोडून देण्याची प्रवृत्ती अजून पुरती गेलेली नाही.

एका जिल्ह्याचे उदाहरण घेतल्यास प्रश्नाचे स्वरूप ध्यानात येते. २०११ च्या जनगणनेनुसार रायगड जिल्ह्याची लोकसंख्या सु. २६ लाख व कर्जत–खालापूर या दोन तालुक्यांची मिळून सु. ४ लाख होती. पाश्चात्त्य देशांतील प्रमाण जसेच्या तसे लावले, तर जिल्ह्यात वर्षाकाठी तीन ते पाच आणि या दोन तालुक्यांत दोनेक वर्षांतून एक रुग्ण अपेक्षित आहे. आपली लोकसंख्या तुलनेने तरुण असल्याने प्रत्यक्षात त्याहूनही कमी. अर्थात कर्जत किंवा रसायनी येथील वैद्याच्या उभ्या कारकीर्दीत असे रुग्ण थोडेच येणार. आता केवळ स्पष्टीकरणासाठी असे मानू की, बुद्धी झपाट्याने ढासळलेले १०० रुग्ण अशा भागातून तपासले आणि त्यांपैकी ४ जणांना खरोखर सीजेडी आहे. ९२ टक्के संवेदनशीलता व ८० टक्के विशिष्टता असलेली १४–३–३ चाचणी चौघांनाही बहुधा ओळखील. परंतु उरलेल्या ९६ पैकी सु. १९ जणांतही ती होकारार्थी येईल. म्हणजे २३ होकारांपैकी खरे केवळ ४. हीच चाचणी मोठ्या शहरातील विशेष केंद्रात केली आणि तेथे निवडून आलेल्या शंभरांपैकी निम्म्यांना रोग असला, तर ५६ होकारांपैकी ४६ खरे ठरतील. चाचणी तीच, रसायने तीच. मात्र होकाराचा अर्थ बदलला. विशिष्टता ९९ टक्के असलेली गुणन-चाचणी पहिल्या ठिकाणी वापरल्यास खोटा होकार सु. एकच येईल. विरळ रोगात संवेदनशीलतेपेक्षा विशिष्टता का मोलाची, हे या हिशेबावरून दिसते. दुर्दैवाने गुणन-चाचणीस लागणारे शुद्ध प्रथिन व अनुभवी हात जिल्हा पातळीवर उपलब्ध नसतात, त्यामुळे नमुना दूरच्या केंद्रात पाठवावा लागतो.

खोट्या होकाराची किंमत काय, याचा सर्वांत स्पष्ट पुरावा अमेरिकेतून २०११ मध्ये आला. सीजेडीच्या संशयावरून राष्ट्रीय केंद्राकडे आलेल्या १,१०६ मेंदूंच्या शवपरीक्षांपैकी ३५२ मेंदूंत (३२ टक्के) प्रिऑन रोग आढळला नाही. त्यांतील ज्या ३०४ मेंदूंचे पुरेसे ऊतक उपलब्ध होते, त्यांपैकी निम्म्यांत अल्झायमर रोग होता. परंतु ७१ जणांचा रोग उपचारास दाद देण्याजोगा होता. त्यांत प्रतिरक्षाजन्य विकार २६, अर्बुदे २५, संक्रामणजन्य रोग १४ व चयापचयाचे विकार ६ होते. क्षय व मस्तिष्कशोथ यांचे प्रमाण जेथे अधिक आहे, तेथे संक्रामणजन्य रोगांचा वाटा याहून मोठा असण्याची शक्यता आहे. म्हणून आपल्याकडे रुग्णाचा द्रव प्रिऑनासाठी पाठविण्यापूर्वी त्याच द्रवातील कोशिकांची संख्या, शर्करा, क्षयाचे दंडाणू व नागीण-व्हायरस, तसेच रक्तातील स्वप्रतिपिंडे तपासून घेणे इष्ट ठरते. प्रिऑन रोगात मस्तिष्कमेरुद्रवातील कोशिका सामान्यतः वाढत नाहीत. त्या वाढलेल्या आढळल्या, तर अन्यत्र शोध घ्यावा. कोशिका मोजण्याची ही चाचणी सर्वांत जुनी व स्वस्त असून ती तालुक्याच्या ठिकाणीही होऊ शकते.